जपानी जिम्नीच्या किटमधून आपली जंगलवाली जिप्सी, तेही नागपूरच्या उन्हात

पेंचच्या सिल्लारी गेटवर पहाटे अंधारात जिप्स्या रांगेत लागतात, लोक वाघाच्या गोष्टी करून राहिले असतात अन् मी मात्र वाकून वाकून त्या गाड्यांची चेसिस बघत असतो. बायको म्हणते तुमच्या तिकिटाचे पैसे वाया. असो. मारुतीने जिप्सी १९८५ ला आणली, २०१९ ला बंद केली, पण आपल्याकडच्या जंगलात अजून तीच पळते, अन् ती मला १/२४ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं प्लास्टिकचं मॉडेल बनवून, टेबलावर पाहिजे होती. आता डब्यावर "मारुती जिप्सी" लिहिलेलं किट, म्हणजे सुटे पार्ट जोडून मॉडेल बनवायचा डबा, शोधत बसाल तर हाती काही लागायचं नाही, पण जिप्सी म्हणजे मुळात सुझुकी जिम्नीच, फक्त लांब केलेली, अन् जिम्नीचं किट मिळतं. हासेगावा या जपानी कंपनीचं १/२४ मधलं जेए-११ (जिम्नीचं एक जुनं मॉडेल) घ्या, ऑनलाइन मागवावं लागतं. जपानी गाडी असल्यामुळे स्टिअरिंग उजवीकडेच येतं, हे आपलं मोठं काम वाचलं, नाहीतर अमेरिकन किट घेतलं की आधी डॅशबोर्डच इकडचा तिकडे करत बसा.

आधीच सांगून ठेवतो, आयुष्यातलं पहिलंच किट असेल तर ही कापाकापी नका करू. पहिलं किट टॅमिया या जपानी कंपनीची बीटल किंवा मिनी गाडी घ्या अन् डब्यात जसं आहे तसंच बनवा. टॅमियाचे पार्ट इतके बरोबर बसतात की काही वाकडं झालं तर चूक आपलीच असते, किटवर ढकलता येत नाही, अन् शिकायला हेच बरं. एक किट पूर्ण झालं, रंग एकदा बिघडला, एकदा जमला, की मग इकडे या.

हत्यारं फार लागत नाहीत. निपर, म्हणजे पार्ट कापायची बारीक पक्कड, एक चांगला घ्या, त्यात कंजुसी नको. कटर, चिमटा, मास्किंग टेप, डिजिटल व्हर्निअर, अन् वॉटर पेपर ४०० पासून २००० नंबरपर्यंत, तो कोणत्याही ऑटो पेंटच्या दुकानात सुट्टा मिळतो. पण खरी कामाची गोष्ट म्हणजे इतवारीत सराफ्याच्या आसपास सोनारकामाची हत्यारं विकणारे बसतात तिथे एक चक्कर मारा. सोनाराची करवत म्हणजे ती यू आकाराची फ्रेम अन् त्यात केसासारखं बारीक पातं, ते प्लास्टिक असं कापतं की कापलेल्या जागी मटेरियल जवळपास जातच नाही. लोखंड कापायच्या हॅक्सॉने कापाल तर एकेका कापात मिलिमीटरभर प्लास्टिक भुसा होऊन उडून जातं अन् मग सगळा हिशोब चुकतो. पिन वाइस म्हणजे बोटांनी फिरवायचं ड्रिल, अर्ध्या मिलिमीटरचे ड्रिल बिट, बारीक कानशी, सगळं तिथेच मिळून जातं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं कुठे दुकान आहे तुमचं, मी म्हटलं खेळण्यातली गाडी कापायची आहे, तर तो बिचारा पातं देता देता थांबलाच.

गोंदाचं पक्कं समजून घ्या, काऊन की निम्मी किटं गोंदाने खराब होतात. प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला मॉडेल सिमेंट, टॅमियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन सगळ्यात सोयीचं. हा गोंद चिकटवत नाही, दोन्हीकडचं पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, वितळवून एक करतो, म्हणून रंग लावलेल्या जागी तो धरत नाही, आधी तिथला रंग खरवडावा लागतो. दोन पार्ट कोरडेच एकमेकांना लावून धरायचे अन् फटीवर ब्रश नुसता टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो. ब्रशने लिंपत बसू नका अन् जिथे लावला त्याच्यावर बोट ठेवू नका, नाहीतर तुमचा ठसा कायमचा उमटला समजा. धातूची तार वगैरे जोडायला फेव्हिक्विक. फेव्हिक्विक हवेतल्या ओलाव्याने सुकतं, म्हणून मे महिन्यात ते रेंगाळतं अन् पावसाळ्यात चिमटा उचलायच्या आत धरतं. अन् काचांना, म्हणजे पारदर्शक पार्टना, फेव्हिक्विक चुकूनही नाही, त्याच्या वाफेने काच दुधासारखी पांढरी पडते. काचेला साधा फेव्हिकॉल लावा, सुकला की दिसतही नाही.

डबा उघडला की सगळ्यात आधी पार्ट ज्यांना लागून येतात त्या प्लास्टिकच्या फ्रेम (स्प्रू) भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुऊन घ्या, साच्यातून पार्ट सुटावा म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी राहिलेलं असतं, त्यावर रंग टिकत नाही. पार्ट कापताना दोनदा कापायचा, आधी पार्टपासून जरा लांबून, मग उरलेला ठोंब जवळून, एकदम जवळून कापला की पार्टाचा लचका निघतो. मग मोल्ड लाइन, साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक उभारलेली रेघ असते ती, कटरच्या पात्याची मागची बाजू फिरवून खरवडायची. ही रेघ आत्ता दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात अन् चमकणारा रंग मारला की ती पंचवीस फुटांवरून दिसते.

आता मुख्य हिशोब. जेए-११ जिम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या अन् मागच्या चाकांमधलं अंतर, २०३० मिमी, जिप्सीचा २३७५. फरक ३४५, भागिले २४, म्हणजे १४.४ मिमी. गाडीची पूर्ण लांबी जिम्नीची ३२९५, जिप्सीची ४०१०, फरक ७१५, म्हणजे मॉडेलमध्ये जवळपास ३० मिमी. त्यातले १४.४ दोन चाकांच्या मधे जातात अन् बाकीचे पंधरा-साडेपंधरा मागच्या चाकाच्या मागे अन् बंपरांमध्ये वाटले जातात. जिम्नी एवढी आखूड का, तर जपानमध्ये केई, म्हणजे छोट्या गाडीचा नियम आहे, त्या वेळी ३.३ मीटर लांबी, १.४ मीटर रुंदी अन् ६६० सीसीच्या आत बसली तरच ती केई, म्हणून बिचारीला सगळीकडून आवळलेलं आहे. रुंदीतही फरक आहे, जिम्नी १३९५ अन् जिप्सी किंग (जिप्सीचंच नंतरचं मॉडेल) १५४०, पण बॉडीचा डबा तोच, फरक जवळपास सगळा चाकांवरच्या फ्लेअरमध्ये, म्हणजे बाहेर आलेल्या कडांमध्ये. मॉडेलमध्ये एका बाजूला ३ मिमी. फ्लेअर वाढवले की चाकंही तेवढीच बाहेर घ्यावी लागतात नाहीतर गाडी ढगळ शर्ट घातल्यासारखी दिसते.

हे आकडे कागदावर मॉडेलच्याच मापात काढून घ्या. म्हणजे १/२४ मध्ये बाजूचं चित्र, पूर्ण १६७ मिमी लांब, अन् तो कागद टेबलावर काचेखाली सरकवून ठेवा. प्रत्येक कापलेला तुकडा त्याच्यावर ठेवून बघायचा. मी पहिल्यांदा नुसत्या आकड्यांवर विश्वास ठेवून कापलं अन् डाव्या बाजूला साडेचौदा अन् उजव्या बाजूला पावणेचौदा आलं, गाडी केळ्यासारखी वाकली.

चेसिस आधी करा. ती शिडीसारखी आहे, दोन लांब पट्ट्या अन् मधे आडव्या, त्यामुळे लांब करायला सोपी. दोन्ही पट्ट्या एकाच रेषेत नका कापू, एक जरा पुढे एक जरा मागे कापा, जोड दोन ठिकाणी विभागला की ताकद राहते. मधे स्टायरीनची (तेच पॉलिस्टायरीन) पट्टी, अन् आतल्या बाजूने पितळेची बारीक पट्टी फेव्हिक्विकने आधाराला. चिकटवताना चेसिस काचेच्या तुकड्यावर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवायची अन् गुण्या लावून बघायची, सुताराचा नको, शाळेच्या कंपासमधला त्रिकोणही चालतो. खाली प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा दांडा) पण तेवढाच लांब करायचा आहे हे मी विसरलो होतो, गाडी उलटी केली तेव्हा तो हवेत लटकून राहिला होता.

बॉडीचा काप दाराच्या लगेच मागे, उभा. जिप्सीचं दार जिम्नीएवढंच आहे, वाढलेली लांबी दार अन् मागचं चाक यांच्या मधे आहे, म्हणून दाराला हात लावू नका. टेपची सरळ कड लावून आधी कटरच्या मागच्या बाजूने आठ-दहा वेळा रेघ ओढा, खाच पडली की मग करवत त्या खाचेत बसवा. आत भरायला बॉडीएवढ्याच जाडीचं स्टायरीन शीट लागतं, हे फार महत्त्वाचं आहे, पातळ असलं तर तिथे खड्डा पडतो अन् मग पुट्टी भरत बसा आयुष्यभर. एव्हरग्रीन कंपनीचं शीट ऑनलाइन मिळतं. घरात शोधायचं तर डिस्पोजेबल डब्यांच्या तळाला त्रिकोणात ६ लिहिलेलं बघा, ते पॉलिस्टायरीन, मॉडेल सिमेंट त्याला धरतं. स्टेशनरीतला सनबोर्ड आणू नका, त्याचं काम नाही. छत तर कापूनच टाकायचं आहे, जंगलातली जिप्सी उघडी असते, त्यामुळे खिडक्यांच्या फ्रेम, मागचं सगळं वरचं धूड गेलं, फक्त पुढची काच अन् तिची चौकट ठेवायची. पण छत शेवटी कापा! आधी छत काढलं की बॉडी लवलवते अन् मागचा काप सरळ येतच नाही.

जोड भरायला माझी आवडती गोष्ट म्हणजे त्याच किटच्या उरलेल्या स्प्रूचे बारीक तुकडे सिमेंटच्या छोट्या बाटलीत टाकून ठेवायचे, एका दिवसात पाकासारखं घट्ट होतं. हेच भरा, कारण ते प्लास्टिकच असतं, घासताना बाजूच्या प्लास्टिकएवढंच घासलं जातं. फक्त थांबायची तयारी पाहिजे. वरून दोन तासांत सुकल्यासारखं वाटतं पण आतून ते आठ-दहा दिवस आकसत राहतं, अन् तुम्ही घाईत घासून रंग मारला की महिन्याभराने चकचकीत रंगाखाली तो जोड एखाद्या जुन्या टाक्यासारखा वर येतो. घाईच असेल तर फेव्हिक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून भरा, ते आकसत नाही, पण तासाभरात घासून टाका, दुसऱ्या दिवशी ते दगड होतं अन् बाजूचं प्लास्टिक आधी झिजतं. दारांच्या फटी, बोनेटची फट, या सगळ्या पॅनल लाइन रंगाच्या आधी सुईने किंवा स्क्रायबरने खोल करून घ्या, प्रायमर (रंगाखालचा थर), रंग अन् क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून त्या अर्ध्या भरून जातात.

आता रंग. इथे किटच्या कागदावर लिहिलेलं सगळं विसरा कारण तो कागद लिहिणाऱ्याने नागपूरचा मे महिना बघितलेला नाही.

स्प्रेचा थेंब डब्यातून निघून बॉडीवर पडेपर्यंत ओला राहिला पाहिजे, तेव्हाच तो पसरतो अन् गुळगुळीत होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी अन् तापलेली की थेंब वाटेतच सुकतो, बॉडीवर पडतो ती पिठी, हात फिरवला की वॉटर पेपरसारखं लागतं. मग माणूस काय करतो, खोलीत कूलर लावतो. मी पण तेच केलं. कूलर म्हणजे ओल्या खसमधून ओढलेली हवा, खोलीत सगळा ओलावा, अन् लॅकर, म्हणजे स्प्रेतल्या झटपट सुकणाऱ्या रंगाचं थिनर, उडताना बॉडीचा पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर तो ओलावा बसला की रंग पांढरट, धुरकट होतो, याला ब्लशिंग म्हणतात. गडद हिरव्या जिप्सीवर मी सकाळी उठून बघतो तर जणू भस्म फासलंय. पावसाळ्यात हे कूलरशिवायच होतं. त्यामुळे माझं वेळापत्रक असं: एप्रिल, मे अन् जूनचा पहिला आठवडा, रंग पहाटे साडेपाच ते सात, कूलर अर्धा तास आधी बंद, पंखा बंद. जुलै-ऑगस्ट स्प्रे नाहीच, कापाकापी, सीट, आतलं काम, ब्रशचं काम करा, अन् फारच खाज सुटली तर एसीवाल्या मित्राकडे जा, एसी हवेतलं पाणी काढून घेतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत राजा सीझन, पण तेव्हा पहाटे नको, डबा गार असतो अन् मोठे थेंब टाकतो, अकरा ते तीन बरं. हिवाळ्यात डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला की फवारा बारीक येतो. उन्हाळ्यात ही आयडिया वापरू नका, गच्चीवरच्या टाकीचं पाणी तसंच चटके देतं अन् स्प्रेच्या डब्यावर ५० अंशांच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. स्कूटरच्या डिक्कीत तर डबा ठेवूच नका.

टॅमियाचे स्प्रे घेताना टीएस लिहिलेला घ्या. पीएस असतो तो आरसी गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी, पॉलिस्टायरीनवर मारला की प्लास्टिक खातो. अडचण ही की स्प्रेचे डबे ज्वलनशील, विमानाने पाठवायला बंधनं, त्यामुळे मागवले तरी कधी येतात कधी नाही. म्हणून मी इकडचाच मार्ग काढला, ऑटो पेंटच्या दुकानात पाहिजे तो शेड मिक्स करून स्प्रेच्या डब्यात भरून देतात. आपले पेंटर लोक याला ड्युको म्हणतात. यातलं थिनर जोरात असतं, उघड्या प्लास्टिकवर मारलं की बारीक बारीक तडे दिसतात, म्हणून खाली मिस्टर सरफेसर १००० नावाचा प्रायमर किंवा टॅमियाचा प्रायमर आधी, दोन-तीन पातळ हात, अन् तो पूर्ण दिवस वाळू द्या. मग ड्युकोचे पहिले दोन हात नुसते धुक्यासारखे, झाकायचा प्रयत्नच नाही करायचा, अन् त्यावर मग भरून. अन् काहीही असो, आधी प्लास्टिकच्या चमच्याच्या पाठीवर मारून बघा, बॉडीवर प्रयोग नको.

हात कसा फिरवायचा ते मी महालात चितार ओळीत शिकलो. गणपतीच्या आधी तिथे मूर्तींवर कंप्रेसर-गनने रंग मारणारे बघत तासन् तास उभा राहायचो. तिथल्या एका काकांनी सांगितलं, "भाऊ, बटन मूर्तीच्या बाहेर दाबायचं अन् मूर्तीच्या बाहेरच सोडायचं." एवढंच. फवारा सुरू होताना अन् बंद होताना थुंकतो, ते थुंकणं बॉडीच्या बाहेर पडलं पाहिजे. वीस-पंचवीस सेंटीमीटर अंतर, हात गाडीला समांतर, मनगटातून गोल नाही फिरवायचं. दोन हातांच्या मधे दहा-पंधरा मिनिटं. मारून झालं की बॉडीवर उलटी बादली पालथी घाला, आपल्याकडे कुठे ना कुठे सिमेंट रोडचं काम सुरूच असतं, ती धूळ ओल्या रंगाची वाटच बघत असते. बादली आतून आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या. मास्क रंगकाम करणारे लावतात तो कार्बनवाला, रुमाल बांधून काही होत नाही.

रंगाचा शेड निवडताना एक गंमत. लोक म्हणतात जंगल जिप्सी म्हणजे ऑलिव्ह ग्रीन मार. नाही! आपल्याकडे मोटार वाहन नियमांत ऑलिव्ह ग्रीन हा फक्त सैन्याच्या गाड्यांसाठी राखलेला रंग आहे, सिव्हिल गाडीला तो लावता येत नाही. जंगलातल्या जिप्स्या नीट बघा, त्या गडद बाटली हिरव्या असतात, पिवळटपणा नसतो. मॉडेलवर शेड खऱ्यापेक्षा थोडा उजळ घ्या, एवढ्याशा गाडीवर गडद रंग काळाच वाटतो.

बिघडलं तर? बिघडेलच. टॅमियाच्या बाटलीतला ॲक्रिलिक असेल तर डेटॉलमध्ये बुडवून ठेवा, एका रात्रीत रंग सुटतो. घर दवाखान्यासारखं वासतं ते वेगळं. जुन्या टूथब्रशने घासा पण पाण्याखाली नको, पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट राडा होतो, आधी ताज्या डेटॉलनेच खंगाळायचं, मग साबण. लॅकर डेटॉलला फार दाद देत नाही, तिथे वॉटर पेपरने घासून परत सुरू करणंच बरं, माझी भस्मवाली बॉडी मी तशीच सोडवली. अन् धुतलेली बॉडी वाळवायला गच्चीवर ठेवू नका. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या जवळपास नरम पडतं हे खरं, पण पातळ अन् आधीच ताण असलेला पार्ट त्याच्या बराच आधी हार मानतो, अन् मे महिन्यात दुपारी दोनला टिनाच्या पत्र्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. माझी एक चेसिस पत्र्यावर पापडासारखी झाली. पापड तिच्या बाजूलाच वाळत होते, ते छान निघाले.

रंग आठवडाभर मुरू द्यायचा, तोवर सीट. हीच या गाडीची खरी ओळख, मागे दोन ओळी, मागची पुढच्यापेक्षा उंच, म्हणजे मागे बसणाऱ्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसेल, एका ओळीत तीन जण. किटमध्ये यातलं काही नसतं, सगळं शीटमधून कापायचं. उंची कशी ठरवायची, तर १/२४ मध्ये साडेपाच फुटी माणूस ७० मिमी होतो, पुठ्ठ्याचा एक माणूस कापून कमरेत अन् गुडघ्यात वाकवा अन् त्याला बसवून बघा. त्याचे गुडघे पुढच्या सीटला टेकले की तुमचं खरं निघालं, कारण खऱ्या जिप्सीतही टेकतात. रेक्झिनच्या सुरकुत्या पाहिजेत तर गादीवर एपॉक्सी पुट्टीचा पातळ थर देऊन ओल्या बोटाने दाबा. सीटचा रंग मॅट, अन् जिथे लोक घासून घासून चढतात त्या कडेला बोटाने नुसतं चोळा, तिथेच चमक येते.

धरायचा पाइप म्हणजे रोल बार, तो साधारण दीड इंची असतो, ३८ मिमी, भागिले २४ म्हणजे १.६. अन् १६ गेजची तार बरोबर १.६ मिमीची येते! लोहा ओळीत मिळून जाते, तांब्याची घेतली तर वाकवायला सोपी अन् सोल्डर पण होते. वाकवायला दोन खिळे लाकडात ठोकून साचा करा म्हणजे सगळे वळण एकसारखे येतील. धातूवर रंग टिकायला वॉटर पेपरने जरा ओरखडे पाडून, प्रायमर, मग काळा. हेडलाइटच्या आत मोलोटोव्हच्या क्रोम पेनचा एक ठिपका, काच फेव्हिकॉलने.

नंबर प्लेट फोटोस्टॅटवाल्याकडे फोटो पेपरवर काढा. खरी प्लेट ५०० बाय १२० मिमी असते, मॉडेलमध्ये २०.८ बाय ५. मागे चौकोनी ३४० बाय २००, म्हणजे १४.२ बाय ८.३. पेपर जाड वाटतो म्हणून मागून ४०० नंबरने घासून पातळ करा अन् कडा काळ्या पेनने रंगवा, पांढरी कड दिसली की सगळं खोटं वाटतं. सिल्लारीची गाडी तर एमएच ४०, ताडोब्याची तर एमएच ३४. एमएच ३१ लावून सिटीची गाडी जंगलात नेली तरी कोणी हटकणार नाही, पण मला ते खटकतं.

शेवटी धूळ, अन् इथे लोक अति करतात. खरी माती चाळून लावू नका, कितीही बारीक असली तरी या स्केलला तिचा एकेक कण सुपारीएवढा वाटतो. कोरड्या पेस्टल खडूंची पूड करा, करडा, फिका तपकिरी अन् किंचित तांबूस मिसळून, मऊ ब्रशने लावा. पूड टिकवायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब ब्रशने नुसता टेकवायचा, वाळला की बसते. ॲक्रिलिकवर हा थेंब नको, तो रंगच उचलून आणतो. धूळ सगळीकडे सारखी नसते. चालत्या गाडीच्या मागे हवा ओढली जाते म्हणून टेलगेटवर सगळ्यात जाड थर, दाराच्या खालच्या भागावर चाकाने उडवलेली, बोनेटवर थोडी. जिथे पर्यटक पाय ठेवून चढतात तिथे धूळ नाही, रंगच गेलेला, आत प्रायमरचा करडा अन् मधे पत्र्याचा रंग, तो स्पंजच्या तुकड्याने टिपून काढा. काचेवर वायपर फिरल्याचा अर्धगोल ठेवा, पुठ्ठ्याचा अर्धगोल कापून काचेवर धरा अन् बाजूने पूड मारा. सिल्लारीला पुढच्या वेळी जाल तेव्हा वाघाच्या आधी टेलगेटचा फोटो काढून घ्या, गाडीवाल्याला विचारून, तो हसेल पण काढू देईल.

ठेवताना टायरकडे लक्ष. किटमधली मऊ टायरं असतात त्यातलं तेल हळूहळू बाहेर येतं अन् ज्या प्लास्टिकला टेकलंय ते वितळवतं, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. रिमवर टायर बसतं तिथे आधी रंगाचा एक हात द्या अन् डिस्प्लेच्या प्लास्टिक तळावर टायर टेकतात तिथे ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेवा. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नको. माझ्या एका जुन्या मिनीची चारही चाकं तिच्या स्टँडमध्ये रुतून बसली आहेत, आता ती स्टँडसकट उचलावी लागते.